माझी दोन बोटं आणि तुझी पिवळी पट्टी

मालन, गोडाऊनच्या टाइम ऑफिसात तुझा फोटो लावलाय. हार घातलाय झेंडूचा, आणि तो इतका जाड की तुझा उजवा डोळा त्याच्याखाली गेलाय. जन्मभर तू एकच गोष्ट सांगत आलीस, की फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याच्या नजरेआड काही येता कामा नये. आणि मेल्यावर तुझ्याच डोळ्यावर झेंडू. मी स्टुलावर चढून हार बाजूला केला. वॉचमन म्हणाला, मावशी, पडाल. मी म्हटलं, पडायचं ते माझं एकदाच पडून झालंय.

तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. माणसं येतात, ओटीवर बसतात, तुझ्याविषयी गोड बोलतात. काल कुणीतरी म्हणालं, "लई शांत बाई होती." मला हसू फुटलं. तुझ्या जावेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंडाला पदर लावून रडण्याचं सोंग केलं. शांत म्हणे. तुझ्या शिव्या खाऊन ज्यांची वजनं वाढली त्यांना विचारा.

खरं सांगू, मला नीट रडायला सवडच मिळाली नाही. तुला जाऊन आठवडा झाला नाही तोच तुझ्या पिवळ्या पट्टीवर माल लागला. मोठ्या शटरपासून आमच्या पॅकिंगच्या टेबलांपर्यंत, भिंतीच्या कडेनं तू आखलेली ती दोन हात रुंद वाट. तिच्यावरून माणसांनी चालायचं, गाडीनं तिच्यात यायचं नाही, आणि तिच्यावर कुणी काही ठेवायचं नाही. एवढंच. त्या वाटेमुळे आम्ही सगळ्या बाया रोज संध्याकाळी धडधाकट घरी जायचो. ती वाट त्यांनी बुजवली. म्हणून हे लिहायला बसलेय. रडणं मागाहून.

आधी माझा राग ऐकून घे. किल्ली लावायच्या आधी तू रोज तुझ्या फोर्कलिफ्टभोवती एक फेरी मारायचीस. टायर बघायचीस, चेन बघायचीस, खाली वाकून तेल गळतंय का बघायचीस, ब्रेक, हॉर्न, मागं जाताना वाजणारा तो टीं-टीं. दिवाळीच्या तोंडावर बाहेर ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर ओरडतायत, नवरी सजवताय काय म्हणून, आणि तू म्हणायचीस, "नवरी नाय रं, म्हैस हाय. लाथ मारायच्या आधी बघून घ्यावं." आणि स्वतःचं काय केलंस? महिनाभर तुला चढ चढताना धाप लागत होती. मी सांगितलं, खोपोलीला जाऊन डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, पित्त हाय, सीझन संपला की जाते. एखाद्या गाडीनं असा आवाज काढला असता तर तू तिला 'बंद'ची लाल पाटी अडकवली असतीस आणि किल्ली कनवटीला लावून बसली असतीस. स्वतःला मात्र ब्रेक नसताना चालवलंस. ह्याची माफी नाही. आता उत्तर दे की. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भांडणात माझा शब्द शेवटचा ठरलाय, आणि त्यात कसली म्हणून मजा नाही.

तुझं हे गाडीचं वेड कुठनं सुरू झालं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण तेव्हा मी तिथं उभी राहून खिदळत होते. आपण दोघी पॅकिंगला होतो, फरशांच्या पेट्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. गोडाऊनला ऑपरेटर दोन, आणि दोघांनाही घरची शेती. लावणी सुरू झाली की एकाचा मामा आजारी पडायचा आणि दुसरा स्वतःच. दोघंही गुडघाभर चिखलात आनंदात असायचे. इकडे सुपरवायझर डोकं धरून बसायचा. असाच एकदा बसला असताना तू म्हणालीस, "मी बघते." सगळ्या हसल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. म्हटलं, ही काय तुझ्या सासऱ्याची बैलगाडी आहे? तू म्हणालीस, "बैलगाडी मागं घेता येते ना मला? मग हीपण येईल."

त्या दिवशी तुला बसू दिलं नाही ते बरंच झालं. शिकल्याशिवाय कुणी त्या सीटवर बसू नये, हे पुढं तूच सगळ्यांना सांगायचीस. पण सुपरवायझरनं ते ध्यानात ठेवलं. शिकवायला माणूस आला तेव्हा तुझं नाव गेलं, परीक्षा झाली, आणि आपल्या आळीतली मालन फोटोवालं कार्ड गळ्यात अडकवून आली. गाव महिनाभर हेच बोलत होतं. तुझी सासू म्हणाली, सुनेनं रेडा हाकायला घेतला.

तुझ्या सासूचं फारसं चुकलं नव्हतं. नव्या माणसाला तू ती गाडी म्हशीवरूनच समजावून द्यायचीस. मोटारीची पुढची चाकं वळतात, हिची मागची. म्हणून वळताना हिचं तोंड जागेवर राहतं आणि ढुंगण भसकन फिरतं. "गोठ्यात म्हशीच्या मागं भिंतीला चिकटून उभा राहशील का? मग हितं का राहतोस?" एवढं ऐकलं की शहाण्यालाही कळायचं आणि वेड्यालाही. माल घेऊन चालताना फोर्क, म्हणजे पुढची दोन लोखंडी शिंगं, जमिनीपासून वीतभरच वर. वर उचललेल्या फोर्कखालून कुणी जायचं नाही, मग सोन्याची नाणी सांडली असली तरी. मालाच्या थप्पीनं पुढचं दिसेनासं झालं की गाडी उलटी चालवायची, मान मागं वळवून. आणि तुझा तो सगळ्यात आवडता नियम, की गाडीपुढून जायचं असेल तर आधी थांबायचं, चालवणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, त्यानं मान हलवली की मगच पाय उचलायचा. "हॉर्नवर भरवसा नाय. डोळ्यावर."

मला हे सगळं पाठ होतं. पाठ असणं निराळं आणि कळणं निराळं, हे तेव्हाच्या मला, त्या विमलला कुठलं उमगायला. छत्तीस वर्षांची घोडी, दोन पोरांची आई, पण अक्कल परकर-पोलक्यातली. केसात अबोली. कंपनीनं दिलेले जाडे बूट घातले की बाई बाप्यासारखी दिसते, असं म्हणून मी ते गेटाबाहेर पडल्या पडल्या पिशवीत कोंबायची आणि चपला घालायची. जसं काही गेट ते जीप स्टँड एवढ्या वाटेत कुणी मला मागणी घालायला उभं होतं. आज ती विमल कुठं भेटली तर तिच्या कानाखाली एक द्यावी, असं फार वाटतं. मग वाटतं, बिचारी पुढं भरपूर भोगणार आहे. जाऊ दे.

खंडेनवमीचं सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण ते मी आजवर कधी खरं सांगितलेलं नाही.

दरवर्षीसारखी गाड्या धुऊन पूजा झाली होती. हळदकुंकू, नारळ, अगरबत्ती. दोन्ही गाड्यांना डोकं टेकवून झालं. झेंडू उरला होता, म्हणून पुढच्या लोखंडी खांबांवर मीच आडव्या माळा बांधल्या, जाडजूड. तू म्हणालीस, बसलेल्या माणसाला पुढचं दिसत नाय, काढ. मी म्हटलं, आज कुठं गाडी चालणार आहे? तू तुझ्या गाडीच्या काढल्यास. बबनच्या गाडीच्या राहिल्या.

बबन तेव्हा पंचविशीतला, दुसऱ्या गाडीवर नवाच लागलेला. भला माणूस. कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढा एकच दोष.

तर शेजारच्या गोडाऊनवाल्यांनी शटरच्या पार माथ्यावर तोरण लावलं होतं. आपलं तोरण खाली, हाताला येईल तिथं. मला ते बघवेना. शिडी त्या वर्षी देवीच्या मंडपाला गेलेली. मी तुला म्हटलं, मी मालाखालच्या लाकडी पॅलेटवर उभी राहते, तू मला वर घे.

"नाय."

"अगं, दोन मिन्टांचं काम."

"विमले, ह्याच्यावर माल चढतो. तू माल हायस का?"

मी कमरेवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या समोर म्हटलं, "माल तर हायच मी." बाया लोळायच्या बाकी राहिल्या. तू हसली नाहीस. मग मला चेव आला. म्हटलं, चाक हातात आलं आणि बाईचे पाय जमिनीला लागंनात. मैत्रिणीचं एवढं काम होत नाही, साहेबीण झाली. हे तुला लागलं. मला दिसलं, की लागलं. तू गाडीची किल्ली काढलीस, कमरेला खोचलीस आणि प्रसादाचं ताट आणायला ऑफिसात गेलीस.

तू दाराआड झालीस, आणि बबन म्हणाला, "वहिनी, या. मी घेतो."

मी चढले. चढायच्या आधी पायातले बूट काढून बाजूला ठेवले. आता ऐकणाऱ्याला नवल वाटेल. पण आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. नुकतीच पूजा झालेली गाडी. कुंकू ओलं होतं तिच्यावर. तिच्यावर बूट घालून पाय कसा द्यायचा? देवाचा अपमान नको म्हणून मी पाय उघडे केले. लोखंडाला पाप-पुण्य कळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणावं, तर तू सांगितलं होतंस. रोज.

मी वर गेले. खाली बाया गाणं म्हणायला लागल्या, आणि मला वाटलं, मीच ती घटात बसलेली. तोरणाचं एक टोक अडकवलं. दुसऱ्या टोकासाठी मागं सरकले, आणि डावा पाय पॅलेटच्या मागच्या कडेवरून त्या फटीत गेला, जिथं खांबाची लोखंडं एकमेकांना घासत वर-खाली होतात. मला कळलंही नाही. मी म्हटलं, घे खाली. बबननं घेतलं. त्याला माझा पाय दिसणार कसा? त्याच्या डोळ्यांपुढं माझा झेंडू होता.

मी किंचाळले, बाया किंचाळल्या, आणि त्या गोंधळात बबनचा हात कधी ह्या दांड्यावर, कधी त्या दांड्यावर. तेवढ्यात तू ताट घेऊन आलीस. तू ओरडली नाहीस. बावीस वर्षं मी ह्याचा विचार करतेय. दुसरं कुणीही ओरडलं असतं, बबन आणखी बिचकला असता, आणि माझा पाय घोट्यापर्यंत गेला असता. तू ताट जमिनीवर ठेवलंस, चालत त्याच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिलीस, तळहात वर केलास. "बबन, थांब. माझ्याकडं बघ." त्यानं बघितलं. "आता वर घे. बोटभर. हळू."

बोटभर वर गेलं आणि पाय सुटला. त्यातली दोन बोटं तोवर माझी राहिली नव्हती, जोडव्याचं एक आणि त्याचं शेजारचं.

टेंपोत तू माझा पाय मांडीवर घेऊन बसलीस, तुझ्या नव्या साडीच्या पदरात गुंडाळून. खोपोली येईपर्यंत तू एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटत होतं, बोल, शिव्या दे, म्हण की सांगितलं होतं. नाही म्हणालीस. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला बोटांहून जास्त राग आला होता.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर मोसंब्यांची पिशवी आणि अपघाताचं रजिस्टर घेऊन आला. आदल्या संध्याकाळी बबन येऊन गेला होता, बायको आणि दोन लहान पोरं घेऊन. दारात उभा राहून रडला. मी सुपरवायझरला सांगितलं, पायरीवरून पाय घसरला. त्यानं ते इतक्या झटपट लिहून घेतलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तू रजिस्टर वाचलंस आणि तडक माझ्याकडे आलीस.

"असं का सांगितलंस गं?"

"त्याची नोकरी जाईल. पोरं लहान हायत."

"खरं सांगितलं असतंस तर तो शिकला असता. बाकीचेपण शिकले असते. आता कोण शिकणार? पायरी?"

मी भिंतीकडे तोंड केलं. आपलं हे भांडण तिथं सुरू झालं ते कधी संपलंच नाही. मी म्हणायची, माझी बोटं, माझी मर्जी. तू म्हणायचीस, बोटं तुझी, पण रजिस्टर सगळ्यांचं. पुढं तू माणसांसाठी वेगळी वाट मागितलीस, तेव्हा सुपरवायझरनं तेच रजिस्टर उघडून तुझ्यापुढं धरलं. हे बघ, म्हणाला, गाडीनं आजवर इथं कुणालाच लागलेलं नाही, वाट कशाला? वर्षभर तू मागत राहिलीस आणि वर्षभर माझं खोटं तुझ्या आडवं येत राहिलं. तू हे मला कधी बोलून दाखवलं नाहीस. दुसऱ्या कुणाकडून कळलं.

शेवटी कंटाळून तो म्हणाला, एवढं वाटतं तर तुझी तू मार पट्टी. तू सुट्टीच्या दिवशी मारलीस. उरलेल्या पिवळ्या रंगाचे दोन डबे, आणि गवंडी वापरतात तशी कावेत बुडवलेली दोरी. मला एका खोक्यावर बसवून दोरीचं टोक हातात दिलंस. म्हणालीस, तुझे पाय कामाचे नायत, हात तरी लाव. मधल्या खांबापाशी आल्यावर तू त्या सुपरवायझरची नक्कल केलीस, तो ढेकर देऊन सही करायचा तशी. मी हसले. दोरी सरकली. पट्टी तिथं चांगली वीतभर वाकडी झाली. मी म्हटलं, पुसून परत मार. तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस आणि म्हणालीस, "राहू दे. हितं येऊन माणूस जरा थबकंल." तेव्हापासून तिथं सगळे दोनदा हॉर्न देतात. नवी माणसंही त्याला विमलचं वळण म्हणतात, विमल कोण हे ठाऊक नसताना.

आता माझ्या नातीचं सांगते. ती दहापर्यंत आकडे शिकली तेव्हा तिनं माझ्या पायाची बोटं मोजायला घेतली आणि आठावर अडकली. उरलेली दोन कुठं गेली, विचारलं. मी म्हटलं, माथेरानच्या घोड्यानं गाजर समजून खाल्ली. पुढच्या खेपेला सांगितलं, खेकड्यानं नेली, एक त्यानं खाल्लं, एक बायकोला दिलं. तू ओटीवर बसून ऐकायचीस, आणि तुझा चेहरा आंबट व्हायचा. "पोरीला खरं सांग," म्हणायचीस. मी म्हणायची, लहान आहे. ती आता पाचवीत आहे. लहान मीच राहिले.

तर हे सगळं असं असताना नवीन साहेबानं तुझ्या पट्टीवर माल लावला. माणूस तरुण आहे, वाईट नाही, घाईत आहे. मी सांगायला गेले तर म्हणाला, "मावशी, दो दिन की बात है, अ‍ॅडजस्ट करो ना." दोन दिवसांचे सहा झाले. बाया गाडीच्या वाटेतून चालायला लागल्या. तुझ्या डिझेलच्या गाड्या दोन शेतांपलीकडून ऐकू यायच्या. ह्या बॅटरीच्या गाड्या मांजरीसारख्या येतात. मी सहा दिवस गप्प बसले, हेही लिहून ठेवते. सुतक आहे, असं स्वतःला सांगत होते. तुझं सुतक मला कसलं लागणार?

सातव्या दिवशी बबन गाडी मागं घेत होता. हॉर्न दिला, मान वळवली, सगळं तू शिकवलंस तसं केलं. पण पट्टीवरच्या थप्प्यांमुळे वळणापलीकडचं दिसतच नव्हतं, आणि तिथनं हिरा येत होती. हिरा कशेळ्याकडच्या वाडीवरची, लग्न होऊन इकडं आलेली, आमच्याच टेबलावर काम करते. गाडीचं मागचं अंग फिरलं. हिरा थप्पीला चिकटली. तिच्या खांद्यावरून बाजूला लोंबणारी पिशवी गाडीच्या कोपऱ्यात आणि थप्पीत सापडली. बबननं ब्रेक मारला तेव्हा तिच्या पोटात आणि लोखंडात वीतभर अंतर उरलं होतं. पिशवीतून तिचा डबा निघाला, पापडासारखा चपटा, भाकरी आतच. हिरा तो हातात धरून बघत राहिली. मग तिनं हळूच मला विचारलं, माझा अर्धा दिवस कापतील का?

साहेब आला. कुणाला लागलं का, विचारलं. नाही म्हटल्यावर सुटकेचा श्वास सोडला. मी म्हटलं, रजिस्टरात लिहा. तो म्हणाला, लागलंच नाही तर लिहायचं काय? आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "लिहिलं तर बबनची नोकरी जाईल, मावशी. विचार करा."

माझंच वाक्य होतं ते, मालन. बावीस वर्षांनी पँट-शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

मी विमलच्या वळणावर गेले. तिथं थप्प्यांच्या मध्ये बसण्यापुरती जागा होती. खाली बसले, डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि पाय पुढं केला. साहेब म्हणाला, ये क्या है? मी म्हटलं, "पायरी हाय ही. तुमच्या रजिस्टरात बघा, पायरीच लिहिलंय."

त्याला काही कळलं नाही, पण जुन्या बायांना कळलं. हिरा आधी येऊन बसली, चपटा डबा मांडीवर घेऊन. मग एक-एक करत सगळी टेबलं रिकामी झाली. साहेब म्हणाला, तुमच्या कंत्राटदाराला सांगून तुमचा गेटपास बंद करतो. मी म्हटलं, करा. माझी जन्मतारीख मास्तरांनी एक जून लिहिली आहे, वर्ष अंदाजानं. कागदावर माझी नोकरीची अजून दोन वर्षं आहेत, गुडघ्यांच्या मतानं चार वर्षांपूर्वीच संपलीत. हे मी हसत म्हटलं खरं. पण माझ्या औषधाला आणि नातीच्या शाळेला तीच नोकरी आहे, हे तुझ्यापाशी काय लपवायचं. तरी उठले नाही. उठले असते तर तुझ्या फोटोपुढून कशी गेले असते?

आणि बबन. तो इतका वेळ सीटवर बसून होता. त्यानं फोर्क जमिनीला टेकवले. हँडब्रेक ओढला. किल्ली बंद केली, काढली, खिशात टाकली. ह्या क्रमानंच, तू बसवला होतास तसा. मग उतरून ऑफिसात गेला, आणि कपाटातनं रजिस्टर घेऊन आला. जुनं आणि नवं, दोन्ही. माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "लिहा, विमलवहिनी."

मी आजचं लिहिलं. पट्टीवर माल होता म्हणून वळणापलीकडचं दिसलं नाही, हिराची पिशवी चेपली, जीव वाचला. मग जुनं रजिस्टर उघडलं. पान पिवळं पडलंय. माझ्या नावापुढच्या पायरीवर मी काट मारली नाही. तिच्याखाली लिहिलं, की हे खोटं आहे, मला पॅलेटवर उभं करून वर घेतलं होतं, मीच सांगितलं होतं, पायात बूट नव्हते, आणि मालन नको म्हणाली होती. शेवटचे चार शब्द मी जरा मोठ्या अक्षरात लिहिले.

बबननं पेन घेतलं. दोन्हीकडं त्यानं एकच वाक्य लिहिलं, गाडी मी चालवत होतो, आणि खाली सही केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मालनताई मला एका शब्दानं कधी बोलली नाय. नुसतं रोज सकाळी विचारायची, बबन, पाठीमागं कोण हाय? बावीस वर्षं विचारलं. कोण नसलं तरी मी बघून सांगायचो."

संध्याकाळपर्यंत त्यानंच सगळ्या थप्प्या हलवल्या. पट्टी मोकळी झाली. साहेबानं आधी दोन्ही पानांचे मोबाईलवर फोटो काढले, बराच वेळ वाचत उभा राहिला, आणि बबनला अडवलं नाही. मला मात्र सांगितलंय, की उद्या कंत्राटदार येणार आहे, पासाचं काय ते तोच ठरवेल. बबनचंही उद्याच ठरेल.

घरी आल्यावर नातीला बोलावलं, पाय पुढं केला आणि सगळं सांगितलं. झेंडू, बूट, झटकन लिहिलेली पायरी, सगळं. घोडा आणि खेकडा खोटे निघाले म्हणून ती नाराज झाली. मग विचारलं, मालनआजी एवढी शहाणी होती, तर तिनं तुझ्याशी मैत्री का ठेवली? ह्याचं उत्तर तूच देऊ शकली असतीस, आणि तू पित्ताची गोळी घेऊन झोपलीस ती उठलीच नाहीस.

एक वाक्य बावीस वर्षं म्हणायचं राहिलं होतं. टेंपोत म्हणता आलं असतं, त्या खोक्यावर बसून दोरी धरली होती तेव्हा म्हणता आलं असतं, रोज डबा खाताना म्हणता आलं असतं. तुझं बरोबर होतं, मालन. घे. आता लगेच तोऱ्यात येऊ नकोस. ग्रामपंचायतीवर निवडून आल्यासारखी हसू नकोस. अर्धं भांडण अजून बाकी आहे. बबनच्या लहान पोरांचं मी जे म्हणत होते तेही अगदीच चूक नव्हतं, आणि ते मी वर येऊन तुझ्याकडून कबूल करून घेणार आहे. सावकाश येईन. घाई करायची नाही, हे तुझंच शिकवणं.

उद्या सकाळी आठला मी गेटावर आहे. बूट घरूनच घालून निघणार, गावातून, सगळ्यांच्या देखत. पास चालला तर पट्टीवरून आत जाईन. नाही चालला तर गेटासमोर, रस्त्याच्या कडेला उभी राहीन. साहेब आणि कंत्राटदार यायची वेळ तीच आहे. त्यांनी हॉर्न दिला म्हणून मी हलणार नाही. आधी डोळ्याला डोळा. त्यांनी मान हलवली, की मगच पाय उचलेन.